नदीकाठच्या चिठ्ठ्या

पोस्टातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात कवळीच्या मापाचा लगदा भरलेला होता, आणि नेमकं तेव्हाच त्याला काहीतरी सांगायचं होतं. दातांची डॉक्टर असलेल्या मधलीने त्याच्या हनुवटीखाली बोटं लावून जबडा घट्ट धरून ठेवला.

"दोन मिनिटं थांबा काका. आत्ता बोललात तर कवळी अशी बसेल की जेवताना ताटात पडेल."

म्हातारा गप्प झाला, पण डोळ्यांनी बोलतच राहिला. साचा निघाला, चूळ भरून झाली, तोंड पुसून झालं. मग खुर्चीचे हात धरून तो म्हणाला, "तुमची बहीण आली होती परवा. मी देणगीची चिठ्ठी भरून दिली. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

"कुठली बहीण?"

"तुम्हाला बहिणी कितीशा आहेत?"

मधलीला बहीण एकच होती. टिटवी. अखंड बडबड करायची म्हणून बाबांनीच ते नाव पाडलं होतं. ती गेली त्याला या महिन्यात बत्तीस वर्षं झाली होती, आणि पोस्टातल्या काकांना ते ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वय झालंय, असं म्हणून मधलीने साचा बाजूला ठेवला. पण त्याच आठवड्यात लाँड्रीवालीने रस्त्यात थांबवून तेच सांगितलं. मग बेकरीवाल्याच्या बायकोने. तिघेही नदीकाठच्या गल्लीतले. तिघांनीही सांगताना नजर दुसरीकडे फिरवली, आणि "ती काय म्हणाली?" असं विचारल्यावर तिघांनाही अचानक कामं आठवली.

रविवारी दुपारी मधली धक्क्यावरच्या माहेरच्या घरी पोचली तेव्हा धुकं अजून नदीवरून उठलं नव्हतं. तीन आठवडे हेच चाललं होतं. दुपारचे तीन वाजले तरी पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि दादाच्या फेरीच्या बोटी धक्क्याला बांधून ठेवलेल्या होत्या. दर पाच मिनिटांनी धक्क्यावरची घंटा वाजायची. पाण्यात कुणी असलंच तर त्याला काठ कुठे आहे ते कळावं म्हणून.

धाकट्याची गाडी आधीच दारात उभी होती. तो तीन तास गाडी चालवून आला होता, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"ताई, आता तूच सांग," ती आत पाऊल टाकते न टाकते तोच तो म्हणाला. "दादा म्हणतो, नाव काढून टाका. बाबांनी हयातीत गावनिधीला दिलेलं टिटवीचं नाव. उद्या गावसभा आणि आज हे!"

दादा खिडकीशी उभा होता, पाठ करून. साठीचा झाला होता तरी त्याचे खांदे अजून दार अडवतील एवढे होते. टेबलाशी वहिनी कप मांडत होती. तिच्याजवळ मुंगी, दादाची अठरा वर्षांची लेक, नखं कुरतडत बसली होती. आई नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन. ब्याऐंशीव्या वर्षीही तिची पाठ सरळ होती.

टिटवीचं नाव निघालं तसं आईने तोंड फिरवलं. ही तिची जुनी सवय. बत्तीस वर्षांत तिने ते नाव उच्चारलं नव्हतं आणि घरात त्या पोरीचा एक फोटोही लावू दिला नव्हता. लोकांना वाटायचं, दुःख फार म्हणून. मधलीला खरं कारण ठाऊक होतं. आई रागावलेली होती. आदल्याच संध्याकाळी तिने बजावलं होतं, धुक्यात बोटीला हात लावायचा नाही. आणि सकाळी पोरगी उठून, कुणाला न सांगता, छोटी लाँच घेऊन गेली. निदान घरात सगळे तसंच धरून चालले होते. दादाने त्या दिवशी तसं सांगितलं, बाबांनी ते मानलं, आणि पुढे गावनिधीच्या पत्रकावरही तेच छापलं गेलं: 'एका धाडसी मुलीच्या आठवणीत, जी एका सकाळी कुणालाही न सांगता एकटीच नदीवर गेली.'

"नाव काढायचं म्हणजे काय?" मधलीने कोट उतरवत विचारलं.

"म्हणजे काढायचं," दादा न वळता म्हणाला. "पोहण्याचा तलाव बांधा, पोरांना शिकवा, माझी कशालाच हरकत नाही. पण गावात काहीतरी वेडगळ चाललंय. लोक आईच्या कानावर घालतील."

"मी इथेच बसलेय," आई म्हणाली. "बहिरी नाही."

वहिनीने कप जरा जोरातच ठेवला. "अहो, पण लोकांनी चिठ्ठ्या भरल्या ना? वर्षभर काटकोन मास्तर उंबरे झिजवत होते तेव्हा कुणी दार उघडत नव्हतं. आता लोक देतायत तर तुम्हाला त्रास होतोय!"

"मला वाटतं दादाचं बरोबर आहे," मधली म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. टिटवीच्या बाबतीत ती कायम दादाच्या बाजूने असायची. घरात सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं, आणि का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. दादाने मान वळवून तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

धाकट्याने हात झटकले. "तुम्हा दोघांचं नेहमीचंच. मुंगे, खरं सांग. तूच फिरतेस ना घरोघरी? दिसायला तू डिट्टो टिटवी आहेस. म्हाताऱ्यांना काय, धुक्यात कुणीही कुणासारखं दिसतं."

"काका, मी एकाच घरी गेले होते!" मुंगीचा आवाज चिरका झाला. "एकाच! मास्तरांनी मला नदीकाठच्या गल्लीचा गठ्ठा दिला होता. पहिल्याच घरात त्या बाई म्हणाल्या, तुमच्या घरच्यांनी आमच्याकडे मागायला यावं, कमाल आहे. आणि दार लावलं. मला रडू आलं. मी धक्क्याच्या बाकावर जाऊन बसले आणि गठ्ठा तिथेच विसरले. परत गेले तर नव्हता. मास्तरांना सांगायची लाज वाटली."

"हे कधी?"

"तीन आठवड्यांपूर्वी. धुकं पडायला लागलं त्या दिवशी."

बाहेर घंटा वाजली. तेवढ्यात दारावर टकटक झाली तशी वहिनी दचकली, पण ते काटकोन मास्तर होते. चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला माणूस. ते इतके ताठ बसत आणि उभे राहत की पोरांनी ठेवलेलं नाव गावानेही उचललं होतं. आता ते गावनिधीचे चिटणीस होते. बगलेत एक पुठ्ठ्याची पेटी होती.

"आधीच माफी मागतो," खुर्चीत बसून ते म्हणाले. "उद्या सभा आहे आणि नियमाप्रमाणे मला तुमच्याही घरची चिठ्ठी लागेल. तुमच्या वडिलांनी भरभक्कम रक्कम दिली, मान्य. पण घर म्हणून तुम्ही चिठ्ठी भरलेली नाही. एक घर, एक चिठ्ठी."

"एवढं देऊनही?" दादा म्हणाला.

"एवढं देऊनही." मास्तरांनी चष्मा पुसला. "तुमच्या वडिलांशी माझा याच्यावरून वाद व्हायचा. ते म्हणायचे, मी एकटा तलाव बांधून देतो. मी म्हणायचो, मग तो तुमचा तलाव होईल. लोक त्याला वळसा घालून जातील. घराघरातून चहाच्या कपाएवढा का होईना पैसा आला, तर तो गावाचा. म्हणून तर नियम केला, निम्म्या घरांनी चिठ्ठी भरली की उरलेला सगळा भार निधी उचलणार. नाहीतर नाही. आणि चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, का देतो म्हणून. तीच सभेत वाचली जाते. शेजाऱ्याची ओळ ऐकून माणसाला वाटतं, आपणही काहीतरी लिहावं. वाचनालयाचं छप्पर असंच झालं. रुग्णवाहिका अशीच आली."

"मग आता अडचण काय?" धाकट्याने विचारलं.

मास्तरांनी पेटी उघडली. आतल्या चिठ्ठ्या नीट लावलेल्या होत्या, पण त्यांचे कागद सुजल्यासारखे फुगले होते. भिजून वाळलेल्या कागदाचा वास खोलीत पसरला. नदीचा वास.

"वरच्या आळीत मी स्वतः फिरलो. नदीकाठची गल्ली मुंगीकडे होती. गल्लीतल्या सगळ्याच्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या भरून आल्या आहेत, एकही घर सुटलं नाही. पण मुंगीने त्या दिल्या नाहीत, हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं होतं. रोज सकाळी कार्यालयाच्या पत्रपेटीत दोन-तीन पडलेल्या असतात. ओल्या. मी त्या दोरीवर वाळत घालतो."

वहिनीने कप पेटीपासून दूर सरकवले.

"मी घरोघरी जाऊन विचारलं. सगळे एकच सांगतात. एक मुलगी दारात येते. राखाडी कोट, केसांतून पाणी ठिबकतंय. चिठ्ठी पुढे करते आणि काहीतरी विचारते. काय विचारते, ते कुणी सांगत नाही. माणसं लिहून देतात आणि दार लावून घेतात." मास्तर थांबले. "मी भूतबित मानत नाही. पण मला या ओळी समजत नाहीत. उद्या मला त्या सभेत वाचायच्या आहेत. म्हटलं, आधी तुम्हाला वाचून दाखवाव्यात."

"गरज नाही," दादा म्हणाला.

"वाचा," आई म्हणाली.

मास्तरांनी पहिली चिठ्ठी उचलली. "बेकरीवाला. 'का देता?' त्यापुढे लिहिलंय: 'नाही सांगितलं.'"

"म्हणजे? कारण सांगितलं नाही, असं?" वहिनी म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. ही लाँड्रीवालीची: 'नाही. मला वाटलं दुसऱ्या कुणी सांगितलं असेल.' ही सुताराची: 'सांगायला हवं होतं.' ही त्याच्या शेजारची: 'आमची हिंमत झाली नाही. फेरी त्यांची, शाळेचं छप्पर त्यांचं.' ही पुन्हा, नुसतंच 'नाही.' आणखी एक, 'नाही.' बावीस घरं नुसतं 'नाही' म्हणतायत. कुणीतरी प्रश्न विचारल्यासारखं. पण चिठ्ठीवर तर 'का देता' एवढंच छापलंय."

मधली टेबलाच्या कडेला टेकली. तिच्या डोळ्यांपुढे वरच्या मजल्यावरची खिडकी आली. हातात गरम इस्त्री होती, बाहेर असंच धुकं. खालून आवाज येत होते. माणसं दिसत नव्हती, आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखे स्पष्ट. ते आवाज तिने बत्तीस वर्षं कुणालाच सांगितले नव्हते. स्वतःशीसुद्धा उच्चारले नव्हते.

"बास करा मास्तर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"शेवटची. ही लांबलचक आहे, म्हणून ठेवली होती. पोस्टातल्या काकांची." मास्तरांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली. "'टपालाची पिशवी मीच तिच्या हातात दिली. दोर तिच्या भावाने सोडला. ती जाताना ओरडून म्हणाली होती—'"

"बास म्हणतोय ना!" दादाने खिडकीच्या चौकटीवर मूठ आपटली. काच थरथरली. मुंगी उठून उभी राहिली.

आणि दारावर टकटक झाली.

मोठी नव्हती. बोटांच्या पेरांनी, तीनदा. भिजलेल्या हाताची टकटक मऊ लागते, तशी लागली. मधलीने नकळत खोलीतली माणसं मोजली. आई, दादा, वहिनी, धाकटा, मुंगी, मास्तर. सगळे इथेच होते.

"मी बघते," वहिनी म्हणाली, पण जागची हलली नाही.

"मी जातो," दादा म्हणाला.

खोलीतून पुढच्या दारापर्यंत अरुंद बोळ होता. मधली बसली होती तिथून तो सरळ दिसायचा. दादा चालत गेला. बोटीच्या फळीवरून जावं तसा, एकेक पाऊल जपून. त्याने कडी काढली. दार उघडलं आणि धुकं आत आलं, आणि त्याच्या रुंद पाठीपुढे तिला काहीच दिसेनासं झालं.

बाहेरचं कुणी बोललेलं तिला ऐकू आलं नाही. पण दादा बोलत होता. हळू आवाजात, मान खाली घालून. माणूस आपल्यापेक्षा बुटक्या माणसाशी बोलताना घालतो तशी.

"नाही," तो म्हणाला.

मग तो मान तशीच खाली ठेवून ऐकत राहिला. घंटा वाजली.

"नाही सांगितलं." आणि थोड्या वेळाने, "नाही गं. एकदाही नाही."

मधलीच्या अंगावर सर्रकन काटा आला तो त्या 'गं'मुळे. बाकी शब्द कुणाशीही बोलता आले असते. पण तो 'गं' तिच्या ओळखीचा होता. दादा वहिनीशी तसा बोलायचा नाही, मुंगीशीही नाही. घरातलं शेंडेफळ धाकटा होता. पण दादाचं लाडकं माणूस दुसरंच होतं.

"सांगतो," दादा म्हणाला. "आत्ता सांगतो."

तो परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओली होती. दार त्याने उघडंच ठेवलं होतं. धाकटा धावत बोळातून बाहेर गेला, धक्क्यापर्यंत जाऊन आला. बाहेर कुणी नव्हतं. वहिनीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला रुमाल न देता तशीच उभी राहिली.

"कोण होतं?" आईने विचारलं.

दादा आईच्या खुर्चीपुढे खाली जमिनीवर बसला. साठ वर्षांचा माणूस, शाळेतून तक्रार घेऊन आलेल्या पोरासारखा.

"आई, ती न सांगता गेली नव्हती."

आईने घोंगडीची कड मुठीत धरली.

"मी पाठवलं तिला. मोठ्या बोटीचं इंजिन उघडलेलं होतं आणि टपाल जायचं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, तूच जा. ती म्हणाली, आईने नको म्हटलंय. मी म्हटलं, आईचं मी बघतो." त्याने ओली बाही तोंडावरून फिरवली. "छोटी लाँच तळातून गळायची. तिच्यातला पाणी उपसायचा पंप मी आदल्या दिवशी काढला होता, मोठ्या बोटीला बसवायला. माझ्या डोक्यातूनच गेलं. दोर सोडला तेव्हासुद्धा आठवलं नाही. ती निघाली आणि धुक्यातून ओरडली—"

त्याने वळून उघड्या दाराकडे पाहिलं.

"'आईला सांग,'" मधली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"'आईला सांग हं दादा, तूच पाठवलंयस. नाहीतर ती मला फाडून खाईल.' असं म्हणाली. आणि हसली." मधलीला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. "मी वर इस्त्री करत होते. मला ऐकू आलं. आणि नंतर... पाव तासाने ती हाका मारायला लागली, तेही ऐकलं. मला वाटलं, नेहमीसारखी मजा करतेय. सगळ्या काठाला तसंच वाटलं. ती रोजच ओरडायची ना. संध्याकाळी दादाने बाबांना सांगितलं, न सांगता गेली म्हणून, तेव्हा मी जिन्यात उभी होते. दादाने माझ्याकडे बघितलं. मी खाली उतरले नाही."

"ताई!" धाकटा म्हणाला. एवढंच.

"बाबांना नुकताच पहिला झटका आला होता. घर दादाच्या फेरीवर चालत होतं. मी म्हटलं, एक तर गेलीच आहे." तिने मान हलवली. "हे मी तेव्हा म्हटलं. आता म्हणत नाही."

मुंगी बापाकडे बघत होती. तो जणू धुक्यातून आलेला कुणी परका होता. वहिनीने तिला जवळ ओढलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या बाजूला झोपली, त्याच्यापासून दोन पावलं दूर ती तशीच, पोरीला धरून, उभी राहिली. खोलीत आता कोण कुणाच्या बाजूने आहे, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आई दादाच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होती.

"मी तिला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "ती सापडली, तिला आणलं, तेव्हा. सगळे रडत होते आणि मी म्हटलं, माझं ऐकलं असतंस तर! मेलेल्या पोरीला म्हटलं. आणि मग बत्तीस वर्षं रोज म्हटलं. सकाळी उठले की पहिलं तेच." तिचा आवाज चढला नव्हता. "तिने निरोप ठेवला होता माझ्यासाठी. आणि सगळ्या गल्लीला तो ठाऊक होता."

"आई, मी—"

"तू गप्प बस. तुझ्याशी मी नंतर बोलेन. कधी, ते मला माहीत नाही." तिने घोंगडी बाजूला केली. "मास्तर, आमची चिठ्ठी द्या."

मास्तरांनी कोरी चिठ्ठी पुढे केली. सोबत पेनही. आईने पेन घेतलं नाही. दादाकडे बोट दाखवलं. दादाने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून लिहिलं. वर घराची रक्कम लिहिली, 'का देता?'पुढे एक ओळ लिहिली. मास्तरांनी ती घ्यायला हात पुढे केला तर दादाने दिली नाही.

"ही मी वाचेन," तो म्हणाला. "उद्या."

"तुमची फेरी बुडेल," मास्तर हळूच म्हणाले. "पुन्हा कुणी तुमच्या बोटीत पाय ठेवेल की नाही, कोण जाणे."

"नाही ठेवला तर नाही."

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. "मला आज एक कळलं," उठता उठता ते म्हणाले. "तुमच्या वडिलांनी गावाला खूप दिलं. छप्पर दिलं, पुस्तकं दिली. आणि ज्याच्याकडून एवढं घेतलं, त्याच्या दारात जाऊन खरं बोलायला माणसाची जीभ रेटत नाही. या चिठ्ठ्यांत प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी घातलं, थोडंसंच, आणि लगेच बोलता आलं. मी हा नियम हिशेबासाठी केला होता. मला कल्पना नव्हती."

"आणि ते पत्रक," आई म्हणाली.

"आज रात्रीच बदलतो."

"काय लिहाल?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "तुम्ही सांगाल ते."

"ती सांगून गेली होती, एवढंच लिहा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं. धुकं उठलं नव्हतंच. लोक आत येऊन कोट झटकत होते. नदीकाठची सगळी गल्ली मागच्या रांगांत, भिंतीला लागून बसली होती. मास्तरांनी ओळी वाचायला सुरुवात केली. वरच्या आळीतल्या आधी: नातवासाठी, भाचीसाठी, 'मला स्वतःला पोहता येत नाही म्हणून', 'शेजाऱ्याने दिले म्हणून'. लोक हसले. मग नदीकाठच्या सुरू झाल्या आणि हसू थांबलं. नाही. नाही सांगितलं. सांगायला हवं होतं. वरच्या आळीतली माणसं वळून मागे बघायला लागली. मागचे सगळे जमिनीकडे बघत होते.

पोस्टातल्या काकांची ओळ या वेळी पूर्ण वाचली गेली.

मग दादा उठला. व्यासपीठावर गेला नाही. रांगेतच उभा राहिला. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून त्याने वाचलं: "'मी माझ्या बहिणीला बिनपंपाच्या बोटीतून धुक्यात पाठवलं, आणि तिचा निरोप आईला दिला नाही.'" आणि खाली बसला.

टाळी कुणी वाजवली नाही. ओरडलंही नाही कुणी. नुसत्या खुर्च्या करकरल्या. मग वरच्या आळीतला एक माणूस, ज्याने वर्षभर मास्तरांना दारातून परत पाठवलं होतं, उठून टेबलाशी गेला आणि त्याने कोरी चिठ्ठी मागितली. त्याच्यामागे दुसरा. पाहता पाहता दारापर्यंत रांग लागली. दादाच्या बाजूने जाताना कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. एका बाईने मात्र जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा काढून घेतला. वहिनी आणि मुंगी दादाची रांग सोडून धाकट्याशेजारी जाऊन बसल्या होत्या.

मास्तरांनी मोजणी थांबवून चष्मा काढला. निम्म्याच्या वर घरं केव्हाच झाली होती. तलाव होणार होता.

पहिल्या रांगेत आई बसली होती. तिच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीच्या पलीकडे मधली. सुताराची बायको चिठ्ठी भरून आली, जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं आणि त्या खुर्चीकडे वळली. आईने खुर्चीच्या पाठीवर हात आडवा ठेवला.

"इथे नको गं," ती म्हणाली. "बसलीये ती."

सुताराची बायको क्षणभर थबकली. मग तिने मान डोलावली, कुणी ओळखीचं भेटल्यावर डोलवावी तशी, आणि मागे जाऊन भिंतीशी उभी राहिली.

मधलीने खुर्चीकडे पाहिलं. मग पायाशी ठेवलेली आपली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली, आणि जागा व्हावी म्हणून पाय जवळ ओढून घेतले.